जनरेटर वर, पंप खाली

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकाला, ७५ ब्रॉड स्ट्रीट या पत्त्यावर एक जुनी उंच इमारत आहे. २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस तिच्या अंधाऱ्या जिन्यात काही दिवस एक चमत्कारिक वरात चालू होती. एरवी दिवसभर संगणकासमोर बसून कोड लिहिणारी माणसं डिझेलने भरलेली भांडी हातोहात देत सतरा मजले चढवत होती. एकाने पाचव्या मजल्यापर्यंत न्यायचं, दुसऱ्याने तिथून पुढे. आपल्याकडे गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते, तशीच. फरक एवढाच की इथे आग विझवायची नव्हती, एक इंजिन विझू द्यायचं नव्हतं.

इमारतीत पीअर वन या कंपनीचं डेटा सेंटर होतं. तिथल्या यंत्रांवर स्क्वेअरस्पेस आणि फॉग क्रीक अशा कंपन्यांचा धंदा चालत होता, आणि त्यांच्यामार्फत जगभरच्या लहानमोठ्या व्यावसायिकांच्या वेबसाइटी. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सँडी वादळ किनाऱ्याला लागलं, शहराची वीज गेली, आणि ठरल्याप्रमाणे जनरेटर सुरू झाला. तो सतराव्या मजल्यावर होता, पाणी पोचणारच नाही अशा ठिकाणी. ज्याने तो तिथे बसवायचा निर्णय घेतला त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. पण जनरेटरला लागतं डिझेल. डिझेलची मोठी टाकी तळघरात होती, ते वर चढवणारे पंपही तळघरात होते, आणि तळघरात समुद्र शिरला होता. वरच्या छोट्या टाकीत काही तासांचं इंधन उरलं होतं. म्हणून ती वरात.

त्याच शहरात बेलव्ह्यू हे सरकारी रुग्णालय आहे. त्याचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते आणि पंप तळघरात. तिथे नॅशनल गार्डचे जवान जिन्याने डिझेल वाहत होते, तरीही शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलंच. शेजारच्या एनवाययू लँगोन रुग्णालयावर ती वेळ त्याच रात्री आली. सुमारे तीनशे रुग्ण खाली उतरवले, त्यात अतिदक्षता विभागातली नवजात बाळंही होती. परिचारिका एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने त्याला श्वास देणारी रबरी पिशवी दाबत जिना उतरल्या.

तीन वेगवेगळ्या संस्था आणि चूक एकच, म्हणजे याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. वरच्या मजल्यांवर डिझेलचा मोठा साठा ठेवू देणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं, म्हणून नियम त्यावर मर्यादा घालतात. भरलेल्या टाकीचं वजनही प्रचंड असतं. टाकी खाली ठेवणं हे आगीपासून बचाव करणारं शहाणपण होतं. फक्त पाण्याने तो विचार वाचलेला नव्हता. एका संकटाचं उत्तर दुसऱ्या संकटाच्या तोंडी जाऊन बसलं होतं.

वादळासाठी धंद्याची तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वस्तू येतात: जनरेटर, वाळूच्या गोण्या, खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड. या वस्तू लागतातच. पण तयारीचा खरा प्रश्न त्या वस्तूच्या पुढचा आहे. ही वस्तू कशाच्या जिवावर चालते? आणि ती गोष्ट कशाच्या? घरातल्या चिकित्सक आजीसारखं दोन-तीनदा ‘आणि मग?’ विचारलं की बहुतेक योजनांचं तळघर दिसायला लागतं.

*

अटलांटिक महासागरावरच्या चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या बोलीतला हा शब्द स्पॅनिशांमार्फत जगभर गेला. या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा चक्क कॅलेंडरात छापता येतो. वादळाची तीव्रता सांगायला पाच श्रेणींची पट्टी वापरतात. ती हर्बर्ट सॅफिर या इमारतींच्या अभियंत्याने आणि रॉबर्ट सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. ताशी ११९ किलोमीटर वाऱ्यापासून पहिली श्रेणी, २५२ पासून पाचवी. दूरचित्रवाणीवर सतत हाच आकडा सांगतात आणि दुकानदार त्यावरूनच ठरवतो की यंदा फळ्या ठोकायच्या की नाही.

पण ही पट्टी फक्त वारा मोजते. पाणी मोजत नाही, पाऊस मोजत नाही, आणि वीज किती दिवस जाईल हे तर मुळीच सांगत नाही. सँडी किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याचा वारा जेमतेम पहिल्या श्रेणीचा होता. पण ते आकाराने अवाढव्य होतं, पौर्णिमेची भरती होती, आणि वादळाने पुढे ढकललेलं पाणी न्यूयॉर्कच्या बंदरात कोंडलं गेलं. मॅनहॅटनच्या टोकाला पाण्याची पातळी सुमारे १४ फुटांवर गेली. ईस्ट नदीच्या काठी, तेराव्या रस्त्यावर कॉन एडिसन या वीज कंपनीचं मोठं सबस्टेशन आहे. ते साडेबारा फुटांपर्यंतचं पाणी सोसेल असं गृहीत धरलेलं होतं. उरलेल्या दीड फुटाने त्या रात्री आकाशात निळसर लखलखाट केला आणि खालचं निम्मं मॅनहॅटन सुमारे चार दिवस काळोखात गेलं. शेअर बाजार सलग दोन दिवस बंद राहिला. हवामानामुळे असं याआधी १८८८ मधल्या हिमवादळात झालं होतं.

म्हणून धंद्याच्या मालकाने विचारायचा पहिला आकडा वाऱ्याचा नसून उंचीचा असतो. माझ्या दुकानाची जमीन समुद्रसपाटीपासून किती वर आहे? विजेचं मीटर, मुख्य स्विच, सर्व्हर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, हिशेबाची कपाटं जमिनीपासून किती वर? या प्रश्नांना पैसे लागत नाहीत, एक मोजपट्टी लागते. मीटरचा बोर्ड चार फूट वर उचलायला वायरमन जेवढे पैसे घेतो, तेवढ्यात जनरेटरचं एक चाकही येत नाही.

अंदाजाच्या नकाशावर वादळाची वाट दाखवणारा तो पांढरा शंकूही असाच फसवतो. लोकांना वाटतं की शंकूच्या आत धोका, बाहेर सुटका. प्रत्यक्षात तो शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल याचा अंदाज सांगतो, आणि तोही साधारण तीनात दोनदा खरा ठरेल एवढ्याच बेताचा. वादळ म्हणजे बिंदू नाही. त्याचे हात शेकडो किलोमीटर पसरलेले असतात.

*

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हमरस्त्याच्या कडेला पिवळ्या पाटीची एक खानावळ जागोजाग दिसते. वॉफल हाउस तिचं नाव. १९५५ मध्ये सुरू झालेली ही साखळी चोवीस तास उघडी असते. खाणं साधं, अंडी, बटाटे, कॉफी. आपल्याकडचा रात्रभर चालणारा ट्रक ड्रायव्हरांचा ढाबा डोळ्यांपुढे आणा. क्रेग फ्युगेट हे फ्लोरिडाच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख होते, पुढे ते देशाच्या आपत्ती यंत्रणेचे, फेमाचे, प्रमुख झाले. २००४ मध्ये चार्ली वादळानंतर फिरताना त्यांच्या लक्षात आलं की ही खानावळ कोणत्या अवस्थेत आहे यावरून गावाची अवस्था कळते. पूर्ण मेनू मिळत असेल तर हिरवा. मोजकेच पदार्थ मिळत असतील तर पिवळा, म्हणजे वीज नाही किंवा साठा संपत आलाय. खानावळच बंद असेल तर लाल: इथे परिस्थिती खरोखर वाईट आहे, आधी इथे जा. थट्टेत निघालेली ही मोजणी ‘वॉफल हाउस निर्देशांक’ म्हणून प्रसिद्ध झाली.

या गोष्टीतला विनोद सगळे सांगतात. मला त्यातला पिवळा रंग जास्त मोलाचा वाटतो. बहुतेक धंद्यांना दोनच अवस्था माहीत असतात: चालू आणि बंद. या खानावळीने मधली अवस्था आधीच ठरवून, छापून ठेवलेली असते. वीज नाही पण गॅस आहे, तर काय शिजेल? पाणी नाही पण वीज आहे, तर काय वाढता येईल आणि ते कागदी ताटात कसं द्यायचं? संकटाच्या सकाळी दमलेल्या, स्वतःच्या घराचं छप्पर उडालेल्या आचाऱ्याने हा विचार करत बसायचा नसतो. त्याने दुसरं कार्ड काढायचं आणि तवा तापवायचा. २००५ मध्ये कतरिना वादळाने या साखळीच्या सात खानावळी उद्ध्वस्त केल्या आणि शंभरेक बंद पाडल्या. ज्या लवकर उघडल्या तिथे माणसांची झुंबड उडाली, आणि तेव्हापासून कंपनीने लवकर उघडणं हेच आपलं धोरण केलं. फिरते जनरेटर घेतले. वादळाबाहेरच्या शाखांमधून माणसांच्या तुकड्या पाठवायची रीत बसवली, कारण गावातला नोकर त्या दिवशी स्वतःच आपद्ग्रस्त असतो. त्याला रजा हवी असते, पगार हवा असतो आणि बहुधा राहायला जागाही.

कोणत्याही धंद्याला आपला पिवळा मेनू काढता येतो. बेकरीला वीज नसताना पाव भाजता येणार नाही, पण बिस्किटं आणि मेणबत्त्या विकता येतील. छापखान्याची यंत्रं बंद असतील, पण फाइली दुसऱ्या गावच्या छापखान्याकडे धाडण्याचा करार आधीच करता येईल. दवाखान्याला लसींचा फ्रीज, एक दिवा आणि एक फोन एवढ्यावर अर्धं काम करता येतं. हा मेनू लिहायला बसलं की आपल्याला खरोखर किती वीज लागते तेही पहिल्यांदाच कळतं. ती नेहमी वाटते त्यापेक्षा कमी निघते.

जाता जाता, या खानावळीला एक भावंड अलीकडे मिळालं. जुलै २०२४ मध्ये बेरील वादळाने ह्यूस्टन परिसरातल्या बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. कुठे वीज आहे आणि कुठे नाही हे दाखवणारा वीज कंपनीचा नकाशा त्याआधीपासूनच बंद पडला होता. मग लोकांनी व्हॉटाबर्गर नावाच्या बर्गरवाल्याचं ॲप उघडलं. त्यात कोणती शाखा चालू आणि कोणती बंद हे दिसत होतं. चालू शाखा म्हणजे तिथे वीज. शहराने विजेचा नकाशा एका खानावळीकडून उसना घेतला.

*

आता जनरेटर. हे यंत्र विकत घेणं सोपं आणि सांभाळणं कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं राहून जातं.

हिशेब इंधनापासून करावा. शंभर किलोवॅटचा डिझेल जनरेटर पूर्ण भारावर तासाला अठ्ठावीसेक लिटर डिझेल पितो. तीन दिवस अखंड चालवायचा तर दोन हजार लिटर. हे डिझेल कुठे ठेवणार, आणि चौथ्या दिवशी कुठून आणणार? पेट्रोल पंपावरून, असं उत्तर येतं. पण पेट्रोल पंपाचा पंप विजेवर चालतो. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळानंतर फ्लोरिडात हेच झालं: जमिनीखाली टाक्या भरलेल्या, वर गाड्यांच्या रांगा, आणि मधे वीज नसलेलं यंत्र. त्यानंतर तिथे कायदा झाला की नव्या पेट्रोल पंपांवर आणि लोकांनी गाव सोडून जायच्या रस्त्यांलगतच्या पंपांवर जनरेटर जोडायची सोय आधीपासून हवी. सात वर्षांनी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने तोच धडा स्वतःच्या खर्चाने शिकला. सम-विषम नंबराप्रमाणे पेट्रोल वाटायची पाळी आली. एडिसनसारख्या न्यू जर्सीतल्या गावांत कितीतरी मराठी घरं आहेत. त्या वर्षी दिवाळी १३ नोव्हेंबरला होती, आणि तिच्या तोंडावर तिथे पेट्रोलची रांग लागलेली होती.

दुसरी गोष्ट मोटारींची. फ्रीज, पंप, एसी यांची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. कागदावर भार जुळतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताच जनरेटर खोकून बंद पडतो, त्याचं कारण हे. यंत्रं एकेक करून सुरू करायची, मोठं आधी. उलट फार मोठा जनरेटर घेऊन त्यावर चार दिवे लावले, तर डिझेल इंजिन नीट तापतच नाही. न जळलेलं इंधन आणि काजळी आत साठत जाते. आणि महिन्यातून एकदा जनरेटर चालवून बघायचा तो नुसता घरघरवायचा नाही, दुकानाचा खरा भार टाकून चालवायचा. डिझेलही म्हातारं होतं. वर्षानुवर्षं टाकीत पडलेल्या डिझेलमध्ये पाणी सुटतं, गाळ धरतो आणि नेमका वादळाच्या रात्री फिल्टर बसतो.

तिसरी गोष्ट जिवाची. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो. २०२० मध्ये लॉरा वादळानंतर लुइझियानात जे मृत्यू झाले, त्यांत या वायूचा वाटा मोठा होता. वादळातून वाचलेली माणसं त्याच्यानंतरच्या रात्री झोपेत गेली. पाऊस लागू नये म्हणून यंत्र शटरच्या आत किंवा गॅरेजात ओढलं जातं, आणि तिथेच घात होतो. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, धूर बाहेरच्या दिशेला, एवढं अंतर मोजूनच ठेवावं. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसून सगळं दुकान उजळवायचा उद्योग कधीही करू नये. ती वीज उलट्या वाटेने रस्त्यावरच्या तारेत जाते, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो, आणि तार बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला लाइनमन दगावतो. मधे चेंजओव्हर स्विच हवाच. हा एक खर्च असा आहे ज्यावर मी घासाघीस ऐकून घेणार नाही.

थंड मालाचं गणित सोपं आहे आणि ते भिंतीवर लिहून ठेवावं. दार न उघडलेला फ्रीज चार तास थंडावा धरतो. गच्च भरलेला डीप फ्रीज सुमारे अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला चोवीस. म्हणजे रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून त्यांचा आधीच बर्फ करणं ही फुकटची बॅटरी आहे. गाव सोडून जायचं असेल तर फ्लोरिडातले लोक एक युक्ती करतात. पेल्यात पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवतात. परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल बरा. तळाशी जाऊन गोठलं असेल, तर मधे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. फ्रीज आता कितीही थंड लागो, आतलं सगळं फेकून द्यायचं.

*

मिसिसिपी राज्यात गल्फपोर्ट हे किनाऱ्यावरचं गाव. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना आलं तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्र २८ फुटांच्या जवळपास चढला. गावात हॅनकॉक बँकेचं मुख्य कार्यालय होतं, त्याचीही वाताहत झाली. वीज नाही, संगणक नाहीत, एटीएम नाहीत. कोणाच्या खात्यात किती शिल्लक हे सांगायला काहीही नाही. आणि गावाला रोख हवी होती, कारण कार्ड चालवणारं यंत्र विजेशिवाय नुसता प्लॅस्टिकचा डबा असतो.

बँकेच्या लोकांनी टेबलं मांडली आणि वाटप सुरू केलं. प्रत्येकाला दोनशे डॉलर. नाव, पत्ता, सही एका चिठ्ठीवर. ओळखपत्र वाहून गेलं असेल तरी हरकत नाही, आपल्या बँकेचा खातेदार नसेल तरी हरकत नाही. नोटा कमी पडल्या तेव्हा बुडालेल्या एटीएममधून आणि तिजोऱ्यांतून चिखलाने माखलेल्या नोटा काढल्या, कपडे धुवायच्या यंत्रात धुतल्या आणि इस्त्री करून दिल्या. अशा चिठ्ठ्यांवर कोट्यवधी डॉलर वाटले गेले, आणि जवळजवळ सगळे परत आले. पुढच्या महिन्यांत त्या बँकेच्या ठेवी अब्जाहून अधिक डॉलरने वाढल्या.

ही गोष्ट दानशूरपणाची म्हणून सांगतात. मला ती तयारीची वाटते, जरा वेगळ्या प्रकारची. कोणाला न विचारता असा निर्णय घ्यायची मोकळीक कर्मचाऱ्यांना असल्याशिवाय तो घेता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखत असल्याशिवाय तर नाहीच. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराच्या लाल वहीत हे दोन्ही होतं. क्यूआर कोडचा कागद गल्ल्यावर चिकटवल्यापासून ती वही मागे पडली. नेटवर्क गेलं की तो कागद नुसती नक्षी आहे. कतरिनानंतर बारा वर्षांनी, मारिया वादळात, प्वेर्तो रिकोमध्ये तर अख्ख्या बेटावर हे घडलं. कार्डं बंद, एटीएमसमोर तासन्‌तास रांगा, आणि बेटावर नोटा विमानाने न्याव्या लागल्या. गल्ल्यात आठवडाभराच्या पगारापुरती सुटी रोकड, उधारीसाठी कागदाची वही, आणि नोकर, पुरवठादार, विमावाला, वायरमन यांचे फोन नंबर कागदावर. फोन बंद पडला की त्याच्या पोटातले नंबरही गेले.

विम्याबद्दल थोडक्यात, कारण तो विषय वाचवत नाही. पण तीन गोष्टी वादळापूर्वी वाचायलाच हव्यात. अमेरिकेत साध्या मालमत्ता विम्यात पूर येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी. ती सरकारी योजनेतून घेतली तर साधारणपणे तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे बातम्यांत वादळ दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दुसरं, हरिकेनच्या नुकसानीत पहिला वाटा मालकाचा असतो आणि तो बहुधा ठरावीक रकमेत नसून टक्क्यांत असतो. दहा लाख डॉलरच्या इमारतीला पाच टक्के म्हणजे पन्नास हजार खिशातून. तिसरं सगळ्यांत बोचरं आहे. धंदा बंद राहिल्याची भरपाई देणारा विमा बहुधा तुमच्या जागेचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तरच, आणि तेही पहिले काही दिवस, बरेचदा बहात्तर तास, वगळून पैसे देतो. दुकान शाबूत आणि तीन मैलांवरचा खांब पडला, तर त्यासाठी वेगळं कलम विकत घेतलेलं असावं लागतं. कतरिनानंतर हजारो दाव्यांत एकच वाद रंगला: घर वाऱ्याने पाडलं की पाण्याने? जिथे फक्त जोतं उरलं होतं तिथे याचं उत्तर कोण देणार? म्हणून वादळाआधी दुकानाच्या प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून दुसऱ्या गावी ठेवणं हे पाच मिनिटांचं काम लाखमोलाचं ठरतं.

*

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ प्वेर्तो रिकोवर आडवं गेलं आणि बेटाचं वीजजाळं पूर्ण कोसळलं. शेवटच्या घरापर्यंत वीज पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. तिथली वीज कंपनी वादळाच्या दोन महिने आधीच दिवाळखोरीत गेली होती. खांब जुने, माणसं कमी, सुटे भाग नाहीत.

अकरा महिने जनरेटरवर धंदा चालत नाही. तो जनरेटर विकणाऱ्याचा धंदा होतो. पण मारियाची झळ हजारो किलोमीटर दूरच्या लोकांना बसली ती निराळ्याच रूपात. बेटावर औषधांचे कारखाने बरेच आहेत. बॅक्स्टर कंपनीच्या तिथल्या कारखान्यांत सलाइनच्या लहान पिशव्या बनत. त्यांचं उत्पादन थांबलं आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत मिठाच्या पाण्याचा तुटवडा पडला. ज्या रुग्णालयावर वाऱ्याची झुळूकही आली नव्हती, तिथल्या परिचारिका औषध सिरिंजने हळूहळू टोचत उभ्या होत्या.

सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं आणि शेकडो किलोमीटर आत जाऊन उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत कोसळलं. समुद्रापासून इतक्या दूर हरिकेनची भीती कोण बाळगतो? तिथल्या मॅरियन गावाजवळचा कारखाना पाण्याखाली गेला. कारखाना पुन्हा बॅक्स्टरचाच, आणि माल पुन्हा सलाइनच. देशाला लागणाऱ्या शिरेतून द्यायच्या द्रवांपैकी सुमारे साठ टक्के तिथे बनत होते. रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तेव्हा आपल्या दुकानाची उंची मोजून झाली की पुरवठादाराचीही मोजावी. आणि दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्त असाल तर एकदा विचारून पाहा: ते दोघे माल एकाच तिसऱ्याकडून तर घेत नाहीत ना?

*

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला लागलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. अमेरिकेच्या पट्टीवर मोजलं तर पहिल्या श्रेणीच्या उंबरठ्यावरचं. काही तासांत ते डोंगर चढून ओसरूही लागलं. पण श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागांत विजेचे खांब काडीसारखे मोडले होते, आणि कित्येक गावांना आठवडे अंधारात काढावे लागले. त्यात टाळेबंदी, वरून मृगाचा पाऊस, कौलं-पत्रे उडालेले. मोबाइलचे टॉवर गप्प झाले, कारण टॉवरच्या बॅटरीलाही वीज लागते आणि बॅटरी संपल्यावर त्याच्या जनरेटरला डिझेल. ब्रॉड स्ट्रीटवरची साखळी कोकणात जशीच्या तशी होती, फक्त सतरा मजले नव्हते.

सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. बागायतदाराला जनरेटरचा उपयोग नाही. सुपारीचं नवं रोप धरायला पाच-सात वर्षं घेतं आणि तोवरच्या उत्पन्नाला कोणतीही बॅटरी नसते. पण घरगुती खानावळी, लॉज, मासळीचा बर्फ, आंब्या-काजूचे छोटे कारखाने या सगळ्यांचं त्या आठवड्यांत एकाच जागी अडलं, पाण्यापाशी. गावोगावच्या विहिरी पावसाने भरत होत्या आणि नळ कोरडे होते, कारण पाणी वर चढवणारी मोटर मुकी होती. पंप बसवला तेव्हा बऱ्याच घरांनी जुना रहाट मोडीत काढला होता, अडगळ नको म्हणून. काहींनी तो काढायचा कंटाळा केला होता. त्यांच्या आडावर त्या जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ शेजाऱ्यांच्या कळश्यांची रांग लागे, आणि कित्येक वर्षं तेल न पाहिलेल्या त्या चाकाची करकर अर्ध्या वाडीला ऐकू जाई.